दुपारी बाराची लाँच

बसडेपोत त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. घड्याळाचा काटा. एकशे चाळीस गाड्यांचं वेळापत्रक तो आखायचा, आणि एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची असेल तर मध्ये अर्धा तास म्हणजे अर्धा तास. नोकरीला लागल्या लागल्या त्याने एकदा सातच मिनिटं ठेवली होती. पहिली गाडी उशिरा आली, दुसरी निघून गेली, आणि चाळीस माणसं, त्यात एक बाळंतीण, फाट्यावर अडकून पडली. तेव्हा जो धसका घेतला तो कायमचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा पठ्ठ्या पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

त्याचा धाकटा भाऊ वीस वर्षं एका बेटावर, हवामान केंद्रात, पाऊस आणि वारा मोजत होता. बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर झाकलं जावं. बारमाही उकाडा, नारळाची झाडं, चारशे माणसं, एक दवाखाना आणि एकच टेलिफोन. धाकटा दर वर्षी म्हणायचा, “दादा, ये की.” दर वर्षी काटा निळी वही उघडायचा. आधी मोठं विमान, मग छोटं विमान, मग बंदरावरून आठवड्यात एकदाच, गुरुवारी दुपारी बाराला सुटणारी लाँच. दर वर्षी कुठेतरी घोडं अडायचं. वहीत अठरा बेत झाले होते, एकापेक्षा एक नेटके, आणि अठरातला एकही घराच्या उंबऱ्याबाहेर पडला नव्हता.

एका मंगळवारी सकाळी त्या बेटावरून नर्सचा फोन आला. धाकट्याचं यकृत पार गेलं होतं. आठवडा काढला तरी पुष्कळ, म्हणाली. मग तिने फोन धाकट्याकडे दिला.

“दादा, आज रात्रीचं विमान आहे. बस त्यात.”

काट्याने उभ्या उभ्या वही उघडली. “अरे, छोटं विमान गुरुवारी बंदराच्या गावी अकरा चाळीसला उतरतं. बाराला लाँच. वीस मिनिटं! सामान मिळायलाच...”

“लाँच थांबते रे. इथे माणूस यायचा असला की थांबते. तू फक्त ये.”

लाँच थांबते म्हणे! वाहन कुठे माणसासाठी थांबतं का? थांबलं तर त्याला वाहन का म्हणायचं? धाकटा लहानपणापासून असाच. शाळेची घंटा झाली तरी याच्या चपला सापडायच्या नाहीत. काट्याने ठरवून टाकलं. पुढच्या गुरुवारची लाँच घ्यायची, सोमवारीच निघायचं, म्हणजे मंगळवारी बंदरावर. हाताशी दोन दिवस मोकळे.

“आणि भावजींच्या हाताशी किती दिवस आहेत?” बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अहो, आजच निघा. चुकली लाँच तर चुकली. इथे बसून राहण्यापेक्षा तिथे बसा.”

“तिथे अडकून पडू? राहायला धड जागा नाही.”

“अडकाल तर अडकाल! पाठचा भाऊ मरायला टेकलाय आणि तुम्हाला जागेचं पडलंय?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. ते त्यालाही कळत होतं, ही खरी शोकांतिका. पण वीस मिनिटं म्हटली की फाट्यावरची ती बाळंतीण त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहायची. आणखी एक गोष्ट होती, जी त्याने बायकोला सांगितली नाही. धाकट्याचं मरण बघायची त्याला भीती वाटत होती. वहीत त्या भीतीसाठी रकाना नव्हता, म्हणून ती त्याने वीस मिनिटांच्या नावावर लिहिली.

त्याने परत फोन लावला. “पुढच्या गुरुवारी येतो. पक्कं.”

पलीकडे धाकटा हसला. “बरं दादा. तू म्हणशील तसं.”

काटा सोमवारी निघाला. बेत अगदी आखल्यासारखा पार पडला. एक विमान चुकलं नाही, एक पिशवी हरवली नाही. मंगळवारी दुपारी तो बंदराच्या गावी उतरला. खोली मिळाली, पंख्यासकट. खाटेवर बसून घाम पुसत होता तोच बायकोचा फोन आला.

“अहो... भावजी गेले. काल सकाळी. तिकडचा फोन कालपासून बंद होता, नर्सचा आत्ता लागला.” ती रडत होती. त्याला ओरडली नाही, हेच त्याला सहन झालं नाही.

हाताशी दोन दिवस होते. ते त्याने त्या खाटेवर काढले. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच. वहीची पानं उलटत राहिला, अठराच्या अठरा बेत वाचले. त्यातला कुठलाही एक, कितीही गचाळ, पार पडला असता तर चाललं असतं.

गुरुवारी तो साडेअकरालाच धक्क्यावर गेला. लाँच लागलेली होती. तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा म्हातारा, दोर आवरत होता. त्याने काट्याकडे नीट पाहिलं.

“हवामानवाल्याचे दादा ना? नाक तेच आहे. मागच्या गुरुवारी तुमच्यासाठी थांबलो होतो आम्ही. अर्ध्या रात्रीपर्यंत.”

“पण मी त्याला कळवलं होतं. येत नाही म्हणून.”

“सांगितलं ना त्याने, बंदरावर फोन करून. म्हणाला, दादा नाही म्हणतोय, पण थांबा तुम्ही. शेवटच्या घटकेला निघेल तो, मला माहीत आहे.” तांडेलाने दोर खाली ठेवला. “भरतीचं पाणी गेलं, मग पुढची भरती घेतली. भरती काय, पुन्हा येते. आम्ही बेटावर पोचलो तेव्हा हा धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेला. उचलून आणवलं होतं स्वतःला. सगळे उतरेपर्यंत बघत होता. मग म्हणाला, चला, न्या आता आत.”

काटा पिशवीवर बसला. पिशवीत औषधं होती, सगळी मोजून, दोन दिवसांची जास्त. बारा वाजले. बारा पाच झाले. लाँचमधली माणसं बसून होती. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी हाक मारली नाही.

“किती वाजता सोडणार?” त्याने विचारलं.

“तुम्ही चढलात की.”

त्याने पिशवीचा बंद हातात घेतला आणि परत सोडून दिला. पलीकडच्या धक्क्यावर आता खुर्ची नसणार होती.

“जरा थांबता का?” तो म्हणाला.

“थांबतो की,” तांडेल म्हणाला, आणि त्याच्याशेजारी धक्क्यावर बसला.