धुतल्या तांदळासारखी रेती

वडनेर भोलजीजवळचा नवा बंधारा १९६७ च्या पहिल्याच पुराला फुटला आणि खात्याच्या अहवालाने जाहीर केले : ‘रेती निर्दोष आहे. गवंडी रहेमतुल्ला यांनी सिमेंट चोरल्यामुळे भिंत खचली.’ या विधानातले सत्य एवढेच, की भिंत खचली होती.

भूशास्त्रज्ञाची सही झाली की रहेमतुल्लांवर खटला उभा राहणार होता. ओव्हरसियर शंकररावांनी बंधाऱ्यात वापरलेल्या नाल्याच्या रेतीच्या नमुन्याची पिशवी भूशास्त्राच्या प्राध्यापिका कोकिळाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि उगाच त्रास घेऊ नये, असे आदबीने सुचवले. सोबतचे चौकशी अधिकारी घड्याळ पाहत होते. रहेमतुल्ला दाराशी उभे होते.

कोकिळाबाईंना त्रास घेण्याची जुनी खोड होती. ब्रोमोफॉर्म नावाच्या दाट द्रवात गारगोटीचे हलके कण तरंगतात, लोहाचे जड कण बुडतात. पिशवीतली रेती त्यांनी नरसाळ्यातल्या त्या द्रवात ओतली. सारी वर राहिली. तळाशी नखभरही काळे उतरले नाही. काळ्या पाषाणाच्या मुलखातला नाला, आणि त्याच्या रेतीत लोह नाही! खारपाणपट्ट्यातल्या विहिरीला गोड पाणी लागावे, तसा हा चमत्कार होता.

चमत्कारांवर विश्वास नसल्यामुळे बाईंनी भिंतीचा तुकडा आधीच स्वतः आणून आम्लात विरघळवला होता. सिमेंट वजनाला पुरेपूर भरले होते. उरली ती निम्मी माती, निम्मी रेती. ती रेती दुसऱ्या नरसाळ्यात पडताच काळा गाळ तळाशी बसला. म्हणजे सिमेंट भिंतीतच होते. चोरीला गेला होता तो नाला, आणि तोही पिशवीपुरता.

“माती हाये म्हनून मी रेती परत धाडली होती, बाई,” रहेमतुल्ला म्हणाले. “तं हे साहेब मने, तू गवंडी हायेस का तहसीलदार?”

पिशवीतली रेती कुठली, असे बाईंनी विचारले. शंकररावांनी आधी पुराने धुतली असेल म्हणून पाहिले. लोह धुऊन जाते आणि त्याहून हलकी गारगोटी मागे राहते, असा कोणता पूर, हे बाईंनी शांतपणे विचारल्यावर ते चिडले. त्यांचा सूर गुन्हा कबूल करणाऱ्याचा नव्हता, अडाण्याला रीत समजावणाऱ्याचा होता. चौकशी अधिकाऱ्यांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले :

“घराच्या स्लॅबसाठी कन्हान नदीची रेती आनली होती, त्यातली पिशवीभर पाठवली. नाल्यातली कोन पाठवते? पोरगी दाखवाची तं नटवूनच दाखवतेत न, बाई. लगन झाल्यावर कोन पाह्यते?”