टाचणीची चिकटलेली बोटं

माझ्या मेहुणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्यासारख्या घरात राहायला याहून मोठी पात्रता कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. ती कपडे शिवते आणि शिवताना टाचण्या ओठांत धरते, म्हणून घरात तिचं नाव टाचणी. तोंडात टाचण्या असल्या तरी तिच्या गप्पांचं काही अडत नाही, कारण ती हातांनी बोलते. हातात कापड असेल तोवरच ती गप्प. कापड खाली ठेवलं की समोरच्याने आपली कामं खुशाल उद्यावर ढकलावीत.

तिच्या गोष्टी आमच्या ओळखीच्यांत मशहूर आहेत. त्यातही एका गिऱ्हाइकाची. हा गृहस्थ दर वर्षी फुगतो आणि दर वर्षी मोजपट्टी आटल्याची तक्रार करतो. त्यातला गृहस्थ तीच होते, मोजपट्टीही तीच, आणि शेवटी ताडकन उडून जाणारं बटणही तीच. मागे उरलेलं, तोंड उघडं टाकून बघत राहिलेलं काजसुद्धा ती करते. मी ही गोष्ट अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी खुर्चीतून घसरलो आहे.

हातांनी बोलणाऱ्यांच्या एका संस्थेने कथाकथनाचा मेळावा ठरवला. आपला व्हिडिओ त्यांच्या पानावर चढवायचा, त्यातून निवड होणार आणि निवडलेल्यांना मोठ्या सभागृहात प्रत्यक्ष गोष्ट सांगायला मिळणार. टाचणीने ते वाचलं आणि हातातली चोळी तशीच टाकली.

"आजवर एका खोलीत मावतील एवढीच माणसं मी हसवली," ती मला हातांनी म्हणाली. "भाऊजी, मला एकदा आख्खं सभागृह हलताना बघायचंय."

तिच्या शिवणाच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, आमच्या हिने आपल्या फोनवर गोष्ट टिपली. चित्र इतकं स्वच्छ आलं, की टाचणीच्या बोटावर सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचा उमटलेला वळसुद्धा दिसत होता. ते तिथून थेट पानावर चढवलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पण आमच्या घराची एक रीत आहे. खाली हिचा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात, वर आम्ही आणि टाचणी. या घरातून बाहेर जाणारी कुठलीही गोष्ट, मग ती लग्नाची पत्रिका असो की नळाची तक्रार, सगळ्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. दादा निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण तपासणं सुटलं नाही.

म्हणून हिने व्हिडिओ मेसेजवरून वहिनींना पाठवला. वहिनींना टाचणी सावळी वाटली, त्यांनी ती उजळवली. मागे काहीतरी हवं म्हणून व्हायोलिन लावलं. गोष्ट ऐकू न येणाऱ्यांसाठी आहे हे त्यांच्या लक्षात होतं. "पण सुनं सुनं वाटायला नको," त्या म्हणाल्या. मग ॲपने कुठल्या साइझमध्ये काढू असं विचारलं, तेव्हा त्यांनी 'लहान' निवडली, कारण ते बटण हिरवं होतं. तिथून व्हिडिओ मेसेजवरून दादांकडे गेला. दादांनी सुरुवातीची आणि शेवटची फालतू सेकंदं कापली, तळाशी 'सौजन्य: समस्त कुटुंबीय' अशी पट्टी घातली आणि मेसेजवरून मला धाडला. मी मान डोलावली आणि हिला परत पाठवला. हिने तो पानावर चढवला. सगळ्यांना आपापलं काम केल्याचं समाधान लाभलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या परीक्षकांचा व्हिडिओ आला. हे गृहस्थ पूर्वी छापखान्यात खिळे जुळवत. पुसट छपाई दिसली की त्यांचं डोकं अजूनही दुखतं.

"बाई," ते हातांनी म्हणाले, आणि त्यांचं बोट न् बोट लख्ख दिसत होतं, "आपण हातमोजे घालून बोलता का? गोष्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला ती दिसलीच नाही. मेसेजमधून फिरवलेली फाइल पाठवू नका, प्रत्येक फेरीत ती दाबली जाते. मूळ फाइल पाठवा. आज संध्याकाळी निवड बंद होते."

टाचणीने आपला चढवलेला व्हिडिओ उघडला. एक गोरीपान बाई दोन मऊ गोळे हवेत हलवत होती. गिऱ्हाईक, मोजपट्टी, बटण, सगळं एकमेकांत विरघळलं होतं. खाली 'सौजन्य' तेवढं ठळक होतं.

तिने हात मांडीवर ठेवले. तिचे हात असे निपचित पडलेले मी प्रथमच पाहिले.

"अगं, मूळ आहे की माझ्या फोनमध्ये!" ही म्हणाली आणि शोधू लागली. शोधता शोधता तिचा चेहरा उतरला.

"ती होय? ती मी काढून टाकली," दादा दारातून म्हणाले. "कालच, तुझा फोन खाली राहिला होता तेव्हा."

"का, दादा?"

"का म्हणजे? पक्कं लिहून झालं की कच्चं फाडायचं. दोन प्रती ठेवल्या की घोटाळा होतो."

"पण फोन कचरा जपून ठेवतो काही दिवस," मी म्हणालो.

"तोही साफ केला. कचरा काय जपायची वस्तू आहे, भाऊजी?"

टाचणीला हे हिने हातांनी सांगितलं.  टाचणीने उठून खिडकी सताड उघडली.

"पुन्हा टिपू," ती म्हणाली. "पण मागे कपाट नको. सगळी कापडं बोटांत मिसळतात."

मागे पांढरी चादर धरायचं ठरलं. चादरीचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं आणि दुसरं दादांच्या हातात दिलं. त्यामुळे दादांना टाचणीची पाठ तेवढी दिसत होती.

तिने गिऱ्हाइकाला बोलावलं, त्याचं पोट काढलं आणि मध्येच थांबली. डोक्यावर चापट मारून घेतली. हसली. आणि भलतंच सांगू लागली.

एका मुलीने एक सुरेख शर्ट शिवला. तो बाहेर निघणार, तेवढ्यात एक बाई पडद्याआडून आली, म्हणाली, जरा इस्त्री फिरवते. शर्ट थोडा आटला. मग एक भारदस्त पुरुष आला. त्याची ती छाती, पाठीमागे बांधलेले हात, चष्म्यावरून बघणं! त्याने कॉलर फालतू ठरवून कापली आणि पुन्हा इस्त्री फिरवली. मग चष्मा शोधणारा एक मनुष्य आला, त्याने काही न बघता मान डोलावली आणि इस्त्री फिरवली. शेवटी मुलगी शर्ट घालायला गेली तर तो अंगठ्यात बसला. आणि अंगठ्याएवढ्या शर्टावर हातभर लांब पट्टी: सौजन्य!

हातातला फोन हलू नये म्हणून ही दात आवळून हसता हसता रडत होती. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. चादर थरथरत होती, कारण सगळे हसतात म्हणून दादाही हसत होते.

"कोण हो हा मूर्ख?" त्यांनी चादरीआडून विचारलं.

"आहे ओळखीतला," वहिनी म्हणाल्या.

गोष्ट संपली तसा दादांनी फोनसाठी हात पुढे केला. "आण, एकदा नजरेखालून घालतो."

टाचणीने कात्री उचलली. ती फक्त बाजूला ठेवायला उचलली होती, पण दादांनी हात मागे घेतला.

तिने स्वतः फाइल निवडली, 'मूळ दर्जा' तपासला आणि चढवायला लावली. फाइल जड, किती चढली ते दाखवणारी रेषा गोगलगायीसारखी सरकत होती. तेव्हा टाचणीने बटणांची परडी रिकामी करून आमच्यापुढे फिरवली. घरातलं सगळं नेट एकट्या तिच्या गोष्टीला हवं होतं. आम्ही आपापले फोन बंद करून परडीत टाकले आणि रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत बसलो. दादांनी मिशी काढल्याचं वहिनींना तेव्हा कळलं.

दुपार कलली तेव्हा रेषा भरली. हिने घाईने व्हिडिओ लावून पाहिला आणि किंचाळली. पुन्हा तेच गोळे! कालच्याहून धूसर.

"काढा! काढा ते! परत चढवा!" दादा ओरडले आणि फोनकडे झेपावले.

टाचणी फोनपुढे आडवी उभी राहिली. "कुणी हात लावायचा नाही," तिचे हात कडाडले. "त्यांच्या पानावर लिहिलंय. आधी कच्ची टीप घालतात, म्हणजे धूसर चित्र; पक्की मागून येते. धीर धरा."

ही दादांना तोंडाने सांगू लागली, पण दादांना तेवढं हातांचंही समजलं होतं.

"कच्चं आधी लोकांना दाखवतात?" ते पुटपुटत बसले. "कुठल्या शाळेत शिकलेत?"

आम्ही वाट पाहिली. टाचणी मध्ये मध्ये पान नव्याने उघडायची. गोळे. परत गोळे. खिडकीतला उजेड पिवळा झाला. तिने नख कुरतडायला घेतलं, म्हणजे तिच्या भाषेत तोंडातल्या तोंडात बोलायला घेतलं. आणि एकदम चित्र उमललं. बोटं एकमेकांपासून सुटी झाली. बाहीला चिकटलेला दोरासुद्धा दिसू लागला.

दादा पहिल्यांदाच गोष्ट समोरून बघत होते. भारदस्त पुरुष आला, छाती काढली, हात मागे बांधले. दादांचे हात तेव्हा मागेच बांधलेले होते. त्यांनी ते हळूच पुढे आणले.



"चष्म्यावरून बघणं बरोबर घेतलंय," दादा अखेर म्हणाले. "चाल जरा घाईत केली." मग टाचणीला हातांनीच, बोबड्या खुणांत म्हणाले, "छान." आणि कडेकडेने, कुणाला दिसू नये असे, परत हसायला लागले.

तेवढ्यात टाचणीचा फोन उजळला. परीक्षक समोरासमोर बोलायला आले होते. चौकटीत त्यांचा चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"काय म्हणतायत? निवड झाली का?" आम्ही सगळे टाचणीच्या खांद्यावरून वाकलो.

छापखान्याचे ते गृहस्थ काही सांगायला हात उचलत होते आणि लगेच खाली नेत होते. त्यांना बोलताच येत नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी पोट धरलं होतं.