न केलेला नवस

लिबार्दोने नवस केलाच नव्हता. पण सांता एदुविहेस गावच्या तीन हजार माणसांना त्या नवसाची तारीख तोंडपाठ होती: सोळा जुलै, ड्रायव्हरांची कैवारीण कार्मेनमाता, तिचा सण. त्या दिवशी नवस फिटणार आणि लिबार्दो दहा महिन्यांनी पुन्हा आपल्या बसच्या स्टिअरिंगवर बसणार. मातेची मूर्ती टपावर घेऊन मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे त्याचीच बस राहणार. फादरनी रविवारी चर्चमध्ये तसं जाहीरही करून टाकलं. लिबार्दोने मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

हा घोळ झाला कसा, तर असा. गेल्या सप्टेंबरात लिबार्दो आपली लाकडी बस, ला कोन्सेंतिदा, घाट चढवत होता. टपावर पेरूच्या पेट्या, बाकांवर बत्तीस माणसं. पुढच्या, ड्रायव्हरच्याच बाकाच्या अगदी उजव्या टोकाला आर्सेसियो, गावातला न्हावी, तोंडाची टकळी चालू. काळ्या दगडाच्या वळणाआधी वरून हॉर्न ऐकू आला आणि तो थांबेचना. सिमेंटचा ट्रक होता, ब्रेक गेलेला. त्याचा ड्रायव्हर हॉर्न दाबून धरून सगळ्या घाटाला बाजूला व्हायला सांगत होता. डावीकडे दरी होती. लिबार्दोने स्टिअरिंग उजवीकडे, डोंगराच्या अंगाला, होतं तेवढं फिरवलं. ट्रक घासून निघून गेला आणि बसची उजवी बाजू दगडावर आदळली. एकतीस माणसं वाचली. आर्सेसियो वाचला नाही.

पोलिसांनी सांगितलं, तुझी चूक नाही. फादरनी सांगितलं, तू एकतीस जीव वाचवलेस. लिबार्दो सगळ्यांना हो म्हणायचा. पण स्टिअरिंग कुणाच्या अंगावर फिरवलं ते त्याच्या हातांना पक्कं माहीत होतं. तेव्हापासून पेरूचा वास आला की त्याला उमळून यायचं, आणि आमच्याकडे तर पेरूच्या वडीशिवाय कुणाची न्याहारी होत नाही. हॉर्न वाजला की छातीत धडधड सुरू व्हायची, कानांत गच्च काहीतरी भरल्यासारखं व्हायचं आणि ट्रक पुन्हा त्याच वळणावरून येऊ लागायचा. नुबियाने, त्याच्या बायकोने, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी आणली होती. दर गुरुवारी शहरातून एक बाई यायच्या, अशा माणसांशी बोलायला. त्यांच्या खोलीबाहेर एक बाक होता, चौकाच्या अगदी समोर, ड्रायव्हरांच्या अड्ड्याला दिसेल असा. ड्रायव्हर लोक त्याला वेड्यांचा बाक म्हणायचे. ते नाव लिबार्दोनेच ठेवलं होतं, चांगल्या दिवसांत.

"त्या बाकावर बसू मी?" तो नुबियाला म्हणाला. "त्यापेक्षा मला दरीत लोट."

दीड महिन्याने बस दुरुस्त होऊन आली. नवा रंग, नवी काच. माणसं बसली, कोंबड्या बसल्या. लिबार्दोने किल्ली लावली, पण फिरवायला हात वळेना. शर्ट घामाने पाठीला चिकटला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "निघायचं का, की नाताळ इथेच करायचा?" सगळे हसले. लिबार्दो खाली उतरला आणि चौक ओलांडून समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरला. ते चर्चचं होतं. आत कार्मेनमातेच्या मूर्तीसमोर तो कोसळला तो गुडघ्यांवर.

तिथे दोन्या तुलिया, म्हणजे तुलियाबाई, मेणबत्त्यांची स्टँडं पुसत होती. ही बाई म्हणजे गावाची दवंडी.

"नवस बोललास ना रे, बाळा?" तिने डोळे पुसत विचारलं. "पुढच्या कार्मेनपर्यंत गाडीला हात लावणार नाहीस? आर्सेसियोच्या आत्म्यासाठी?"

लिबार्दोला श्वास पुरत नव्हता. दम खाताना त्याची मान वरखाली झाली. तुलियाने तेवढ्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. दुपारचं सूप वाडग्यात पडायच्या आत बातमी गावभर झाली होती.

त्या दिवशी एकदा 'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या 'नाही'च्या मागे 'मग का उतरलास?' आलंच असतं. आमच्याकडे ड्रायव्हर दारुडा चालतो, रंगेल चालतो, शिव्या देणारा तर आवडतोच. भित्रा चालत नाही. लिबार्दोला नवस आयता मिळाला आणि त्याने तो अंगावर पांघरून घेतला.

आधी हायसं वाटलं. बस त्याचा कोंपाद्रे, जिवाभावाचा दोस्त गिल्दार्दो चालवू लागला आणि लिबार्दो सोसायटीच्या गोदामात कॉफीची पोती वजन करू लागला. गोदाम गावापासून तासाभराच्या वाटेवर होतं. तो जाऊन येऊन पायी चालायचा, कारण दुसऱ्याच्या गाडीत बसणंही त्याला जमत नव्हतं. लोक म्हणाले, बघा, बसतसुद्धा नाही, केवढा कडक नवस! बायका वाटेत थांबवून गाऱ्हाणी सांगू लागल्या. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाचा मुलगा परीक्षेला बसला होता. "तुमचं माता ऐकते," म्हणत त्याच्या पिशवीत अंडी ठेवायच्या. अंडी तो घरी आणायचा, पण त्याच्या घशाखाली उतरायची नाहीत. गिल्दार्दो चिडवायचा, "काय संत लिबार्दो, तुझे पाय धुऊन ते पाणी रेडिएटरमध्ये घालू का? फार तापतोय." लिबार्दो हसायचा आणि मनातल्या मनात त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सगळ्यात वाईट दिवस शुक्रवार. शुक्रवारी दोन्या रुबिएला, आर्सेसियोची बायको, गोदामात यायची. काळे कपडे, हातात एक मेणबत्ती.

"माझ्याने ते चर्चमध्ये होत नाही," ती म्हणायची. "मातेशी माझं भांडण आहे. तुम्ही लावा. यांच्यासाठी मागा."

लिबार्दो मेणबत्ती घ्यायचा. ती गेली की वजनकाट्याखालच्या खोक्यात ठेवून द्यायचा. एकदाही लावायला हात धजावला नाही. खोटारड्याने लावलेली मेणबत्ती आर्सेसियोच्या कामाची नाही, असं त्याला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर आर्सेसियोचं नाव तोंडात आलं की तो हॉर्न सुरू व्हायचा. जुलैपर्यंत खोकं गच्च भरलं.

सणाच्या दोन दिवस आधी रुबिएला आली ती रिकाम्या हातांनी.

"लिबार्दो, परवा मी तुमच्या बसमध्ये बसणार. पुढे. त्यांच्या जागेवर."

लिबार्दोच्या हातातलं वजन खाली पडलं.

"त्या वळणापर्यंत मी अजून गेलेले नाही," ती म्हणाली. "गिल्दार्दोने किती वेळा म्हटलं, चला. माझ्याने होत नाही. तुम्ही चालवणार असाल तर येईन. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

"दोन्या रुबिएला..."

"काही बोलू नका. मला रडू येईल." आणि ती गेली.

ते दोन दिवस लिबार्दो कसा जगला ते त्याचं त्याला माहीत. पाय मोडून घ्यावा असंही त्याच्या मनात आलं. त्याने गोदामाच्या पायरीवरून दोनदा उडी मारून पाहिली. पाय धड राहिला. इतके महिने धड न जेवून आपण किती हलके झालो आहोत हे तेव्हा त्याला कळलं आणि तो त्याच पायरीवर बसून रडला.

सोळा तारखेला चौकात अठ्ठावीस गाड्या उभ्या होत्या. बस, जीप, दुधाचा टँकर, सगळ्यांना फुगे, कागदी फुलं आणि केळीची पानं. ला कोन्सेंतिदा सगळ्यांच्या पुढे, टपावर तपकिरी झग्यातली कार्मेनमाता. फादरनी इंजिनावर पवित्र पाणी शिंपडलं, थोडं लिबार्दोवरही. तो चढून बसला. त्याच बाकावर रुबिएला, अगदी उजव्या टोकाला. मागच्या बाकावर जपमाळ घेऊन तुलिया. कुणीतरी प्रसादाला पेरूच्या वड्यांचं ताट पुढे केलं.

"चल, बाळा, माता वाट बघतेय!" तुलिया म्हणाली.

आणि मागच्या सत्तावीस गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. सणाला वाजवतातच.

लिबार्दोचे हात स्टिअरिंगवर होते. ते उजवीकडे फिरू नयेत म्हणून त्याने इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. त्याने रुबिएलाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून खिडकीची पट्टी धरली होती. ती भरवसा ठेवून बसली होती.

त्याने किल्ली काढली.

"मी नवस केला नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"कधीच नाही. मी घाबरलो होतो. त्या दिवशी घाबरून उतरलो. अजून घाबरतोय. तुलियाबाईंनी विचारलं आणि मी गप्प बसलो."

मागे जपमाळ थांबली.

रुबिएलाने डोळे उघडले. "आणि मेणबत्त्या?"

"गोदामात आहेत. खोक्यात."

"किती?"

"सगळ्या."

ती इतकंच म्हणाली, "म्हणजे वर्षभर त्यांच्यासाठी कुणीच काही मागितलं नाही."

थप्पड मारली असती तर बरं झालं असतं. लिबार्दोला वर बघवेना. मागे तुलिया शेजारणीच्या कानात सांगू लागली होती. चौकाच्या त्या टोकाला बातमी पोचायला फार वेळ लागला नाही. हॉर्न एकेक करून बंद पडले. कुणी हसलं, कुणी "श्शी" म्हणालं. ड्रायव्हरांच्या अड्ड्यावरून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "मग आमची अंडी?" ज्या दिवसाला तो इतके महिने घाबरला होता तो हाच. नुबिया गर्दीत उभी होती. तिची मान खाली गेलेली त्याने पाहिली.

रुबिएला खाली उतरली. ती घरी जाणार असं त्याला वाटलं. ती फिरून त्याच्या दाराशी आली.

"उतरा. खोकं घेऊन या. गोदाम वाटेतच आहे."

"कुठे जायचं?"

"वळणावर. मला गाडीतून जायला जमत नाही, तुम्हालाही जमत नाही. चालायला तर येतं ना? वर्षभर तेच तर केलंत."

गिल्दार्दो स्टिअरिंगवर बसला. या वेळी त्याने काही चिडवलं नाही. मिरवणूक निघाली ती अशी: पुढे काळ्या कपड्यांतली विधवा, तिच्या मागे दोन पावलांवर लिबार्दो, गोदामापासून पुढे छातीशी खोकं धरलेला, आणि त्यांच्या मागे पायांच्या वेगाने येणारी मातेची बस. रस्त्याकडेच्या बायका आज गाऱ्हाणी घेऊन पुढे आल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. लिबार्दोचा चेहरा तापला होता. तरी पाय चालत होते, कारण तिचे चालत होते.

काळ्या दगडावर अजून लाल रंगाचा ओरखडा होता, बसच्या जुन्या रंगाचा. रुबिएलाने त्यावर हात ठेवला. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "द्या."

तो एकेक मेणबत्ती देत गेला, ती लावत गेली. उन्हात ज्योती नीट दिसतही नव्हत्या. मेणबत्त्या संपेचनात. मागे सगळ्या गाड्या रांगेत थांबल्या होत्या. लिबार्दो हे विसरला होता, पण आमच्याकडे मिरवणूक अपघाताच्या जागेवर पोचली की मेलेल्यासाठी हॉर्न वाजवतात. सगळे एकदम, आणि लांब.

हॉर्न वाजले. लिबार्दोच्या हातातून खोकं सुटलं. तो रस्त्यावर बसला, गुडघ्यांत डोकं घालून, आणि ओरडला. काय ओरडला ते कुणाला कळलं नाही. सगळं गाव बघत होतं.

तेवढ्यात त्याच्या कानांवर दोन हात आले. मेण लागलेले, गरम. रुबिएला त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली होती आणि तिने दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट दाबून धरले होते. हॉर्न दूर गेला. त्याला तिचे ओठ हलताना दिसले. आधी ती काय म्हणतेय ते कळेना. मग एक नाव ओळखू आलं. ती आर्सेसियोसाठी मागत होती, दहा महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडाने. लिबार्दो तिच्या ओठांकडे बघत तेच शब्द म्हणू लागला. आर्सेसियोचं नाव आलं तेव्हा त्याचा आवाज फुटला, पण नाव तोंडातून बाहेर पडलं.

ती थांबली तेव्हा हॉर्नही थांबले होते. तिने हात काढले आणि बाहीने आधी त्याचं नाक पुसलं, मग स्वतःचं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"हो."

"गुरुवारी त्या बाकावर लवकर या. नऊनंतर जागा मिळत नाही."

लिबार्दोने वर पाहिलं. "तुम्ही जाता?"

"नोव्हेंबरपासून. तुम्ही दर गुरुवारी समोरून मान खाली घालून जात होतात, म्हणून मी कधी दिसले नाही."