पाचव्या चक्रावरची हाळी

माझा थोरला भाऊ गहिनीनाथ नऊ दिवस बोलला नाही. संगमनेरच्या डॉक्टरांनी त्याच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, घसा उत्तम आहे, असा घसा असलेल्या माणसाने कीर्तन करावं. दादाने तोंड मिटलं आणि आम्ही एस.टी.ने घरी आलो.

बहात्तर साल होतं. विहिरींत पाणी सोडून सगळं सापडायचं. अख्खं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होतं. बाया-माणसं खाणीत खडी फोडायची आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत खडकात सुरुंगाचे बार उडवायचे. बत्ती द्यायच्या आधी तीन हाळ्या द्यायची रीत होती. पहिल्या हाळीला उठायचं, दुसरीला बांधाआड जायचं, तिसरीला बत्ती. हाळी दादा द्यायचा. "बाऽऽर हाय होऽऽ" असं तो ओरडला की पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा आडोसा बघायची.

मला त्याचा आवाज हुबेहूब काढता येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. एका दुपारी बाभळीमागे उभं राहून मी त्याच्या आवाजात हाळी दिली. दोनशे माणसं भाकरी हातात धरून बांधाआड पळाली. बार काही उडाला नाही. मला इतकं हसू आलं की चार दिवसांनी मी परत दिली. मी दिली हे लोकांना कळलं नाही. लोक म्हणाले, गहिनीचं डोकं फिरलंय, उगाच वरडतंय. दादाला मात्र कळलं असणार. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्यानंतरची हाळी खरी होती, दादाची. लालमहंमदचाचा उठले नाहीत. "वरडू दे त्याला, माझं कालवण गार हुतंय," असं शेजारच्याला म्हणाले आणि खडीच्या ढिगामागे जेवत बसले. ढिगामागचे चाचा दादाला दिसले नाहीत. दगड त्यांच्या नडगीवर आला. नडगीचे दोन तुकडे झाले. त्या संध्याकाळपासून दादाचा आवाज गेला.

कामावरचे ओव्हरसियर आबासाहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर काय ते ठरवू. खोट्या हाळ्या देणारा माणूस कामावर ठेवणार नाही, आणि चाचांच्या पायाचा दोष त्याच्या नावावर लिहून वर पाठवणार. दादाने एवढंच म्हणायचं होतं, "त्या दोन हाळ्या मी दिल्या नाहीत." ते तो म्हणेना.

इलाज माझ्या तोंडात होता हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दुसरा शोधायला लागलो.

माझ्याकडे एक पुस्तिका होती. शिर्डीच्या पेढेवाल्याच्या रद्दीतली. मुखपृष्ठावर 'नवशिक्यांसाठी' एवढंच उरलेलं. आत माणसाच्या शरीरातली सात चक्रं समजावून दिली होती, पैकी सहावं कुणाच्या तरी पेढ्यांबरोबर गेलेलं. रीत सोपी होती. पाठ ताठ ठेवून पाव तास बसायचं. श्वास ओढायचा-रोखायचा नाही, नुसता येताजाता बघायचा. एकेका चक्राच्या जागी लक्ष ठेवायचं आणि स्वतःला एक प्रश्न विचारायचा. उत्तर लगेच आलं पाहिजे असं नाही, असंही लिहिलं होतं. ते मला फार आवडलं.

बैल सरकारी चारा-छावणीत असल्यामुळे गोठा मोकळा होता. कामावर निघण्याआधी मी दादाला तिथे बसवायचो. तो बसायचाही. न बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशी मूलाधार. कण्याच्या बुडाशी, तत्त्व पृथ्वी. प्रश्न होता, मी कशाच्या आधारावर उभा आहे? दादा दावणीच्या दगडावर बसला होता, तेव्हा ते चक्र लवकर आटोपलं. दुसरं स्वाधिष्ठान, ओटीपोटात, तत्त्व पाणी. टँकर यायला अजून दोन दिवस होते, त्यामुळे तिथे फार रेंगाळलो नाही. तिसरं मणिपूर, बेंबीपाशी, अग्नी. माणसाची धमक इथे असते. सरकारी सुकडी खाऊन आमच्या बेंबीपाशी जे चाललं होतं, त्याला अग्नी म्हणायला हरकत नव्हती. चौथं अनाहत, छातीत, वायू. प्रश्न, कुणाबद्दल मनात गाठ आहे?

यावर दादाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"डोळे मिटायचे असतात," मी म्हणालो. "पुस्तिकेत लिहिलंय."

लिहिलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी चांगुणावहिनी शेण गोळा करायच्या निमित्ताने गोठ्यात आली. शेण आता कुठलं. रिकामी पाटी घेऊन ती दाराशी उभी राहिली.

"भावजी, आजचं कुठं असतंय?"

"कंठात. विशुद्ध. तत्त्व आकाश."

"आन् प्रश्न काय?"

मी वाचून दाखवलं. "जे बोलायला हवं होतं आणि मी बोललो नाही, ते काय?"

वहिनीने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही चक्रं फकस्त ह्यान्लाच हायती का?"

"सगळ्यांना असतात."

"मंग तुमी कवा बसनार?"

"शिकवणाऱ्याला बसावं लागत नाही."

"व्हय का," ती म्हणाली. "शिकवनाऱ्याची भाकरी झाकून ठिवलीया. नरड्यातनं उतरली तर खावा."

दादा उठून गेला. मी पाव तास तिथेच बसलो. कंठाशी लक्ष नेलं. निळा रंग दिसेल असं लिहिलं होतं. मला चाचांची नडगी दिसली. भाकरी मी खाल्ली नाही.

सहावं चक्र नव्हतंच, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. सातव्याची वेळ आलीच नाही.

सोमवारी सगळे खाणीत जमले. चाचांना चौघांनी बाजेसकट उचलून आणलं. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. आबासाहेब टेबलामागे बसले.

"गहिनीनाथ, त्या दोन हाळ्या तू का दिल्या?"

आबासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उभा राहिलो. "साहेब, त्या मी दिल्या."

लोक हसले. खडी फोडणारी रंगुबाई म्हणाली, "भावापायी सोंग करतंय बघा बेनं." आणखी हसले. गावात मी तोंड उघडलं की हसायचं अशी सवयच पडली होती. ती मीच लावलेली.

"मच्छिंद्र, थट्टेची येळ हाय का ही?" आबासाहेब म्हणाले.

"थट्टा नाही, साहेब. मला त्याचा आवाज काढता येतो."

"असं? काढ मग."

नाही म्हणता आलं असतं. मी डोळे मिटले, कंठाशी लक्ष नेलं, आणि दादाच्या आवाजात हाळी दिली.

डोळे उघडले तेव्हा खाणीत कुणी उभं नव्हतं. मीच ओरडणार हे दोनशे जणांना ठाऊक होतं, सगळे माझ्या तोंडाकडेच बघत होते, तरी सगळे बांधाआड गेले होते. आबासाहेबही. त्यांची खुर्ची उलटी पडली होती.

चाचाही उठायला गेले होते. बाजेवरून प्लास्टरसकट खाली आले आणि तोंडावर खडीत पडले. ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी पुढे सरकत होते, बांधाच्या दिशेने.

दादा धावत आला. त्याने त्यांना काखेत धरून उताणं केलं. "बार न्हाई, चाचा," तो म्हणाला. घोगरा, मोडका आवाज. "बार न्हाई. बसा. बार न्हाई."

चाचांनी त्याचा सदरा मुठीत धरला होता. तो हेच म्हणत राहिला. मी दोन पावलं पुढे गेलो, तर चाचांनी हात आडवा केला.

आबासाहेबांनी परत येऊन खुर्ची सरळ केली आणि मस्टरवरचं माझं नाव खोडलं. चाचांच्या पायाचा दोष माझ्या नावावर लिहिला. दादाची हाळी दादाकडे राहिली.

आता दुपारी मी घरी असतो. तीनही हाळ्या ऐकू येतात. दादा सगळ्यांशी बोलतो. चाचांच्या घरी रोज जाऊन बसतो, तिथे तर म्हणे फार बोलतो. संध्याकाळी तो माझ्यापासून तीन हातांवर जेवायला बसतो.

"ते म्हनत्यात," वहिनी मला सांगते, "शेळीला पानी दावलं का?"

"दावलं म्हणावं," मी वहिनीला सांगतो.