दोनपेक्षा जास्त भेटी

एकटेपणा हा मानवजातीचा सर्वांत जुना शत्रू असून तो येत्या मार्चअखेर संपवण्यात येईल, असं समाजकल्याण कार्यालयाने एका स्वयंसेवी संस्थेबरोबर करारावर सही करताना जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग व्यासपीठावरून उतरायला पाहुण्यांना पायऱ्या सापडेनात, तेव्हा कार्यालयाने संस्थेकडे पाहिलं आणि संस्थेने कार्यालयाकडे. संयुक्त कामाला तिथूनच सुरुवात झाली.

योजना मात्र चांगली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दिवसभर उघडी असलेली एक खोली, त्यात खुर्च्या, वर्तमानपत्रं आणि बुद्धिबळाचे दोन पट. खोली कार्यालयाची, बघायला माणसं संस्थेची. ने-आण करायला आठ जणांची गाडी. सात जागा भरल्या होत्या. मार्चअखेर आठवी भरली नाही, तर ती रद्द होणार होती.

त्या आठव्या जागेवर घड्याळवाल्या काकांचा डोळा होता. काका एकोणऐंशीचे, चौथ्या मजल्यावर एकटे. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून दोन्ही बाजूंना खांदे असल्याशिवाय त्यांना जिना उतरता येत नसे. त्यांना वर्तमानपत्राचं काही पडलेलं नव्हतं. त्यांच्या जुन्या दुकानाशेजारचा न्हावी त्या खोलीत रोज जायचा, आणि दोघांचा एक डाव दोन वर्षांपूर्वी अर्धा राहिला होता. न्हावी ब्याऐंशीचा. शिवाय तो डाव आपणच जिंकला, असं तो गावभर सांगायचा.

"तो माझ्याआधी गेला तर तेच खरं ठरेल," काका म्हणायचे.

अट एकच होती. महिन्यात दोनपेक्षा जास्त भेटी होत असतील तर माणूस एकाकी नाही. हा आकडा काढायला सहा बैठका लागल्या. कार्यालय एकावर अडलं होतं, संस्था तीनावर.

पडताळणी दोघांनीही करायची, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. करारात याला 'परस्परपूरक भूमिका' म्हटलं होतं.

फेब्रुवारीत आधी कार्यालयाचे कारकून आले. चार मजले चढल्यामुळे पाच मिनिटं त्यांना प्रश्नच विचारता आला नाही.

"या महिन्यात कोण कोण आलं?"

"तुम्ही आलात की."

कारकुनांनी 'एक' लिहिलं. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या ताई आल्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला, तेच खरं उत्तर मिळालं, त्यांनी 'दोन' लिहिलं. आपल्या अर्जावर एक आणि ताईंच्या अर्जावर दोन कसे, हे तपासायला कारकून पुन्हा आले. तीन झाले. अर्ज परत गेला. कारकुनांनी तिथेच शेरा मारला, 'अर्जदाराकडे माणसांचा राबता आहे.'

"अहो, राबता कसला? तिन्ही वेळा तुम्हीच होतात," काका म्हणाले.

"मग काय खोटं लिहू, काका?"

"छे. वाईट याचंच वाटतं की तुम्ही सगळे प्रामाणिक आहात."

मार्चच्या एक तारखेला कारकून आणि ताई दोघं मिळून आले. महिनाभर आता आम्ही येणार नाही, तुम्हीही कुणाला बोलावू नका, एवढंच सांगायचं होतं.

"हे सांगायला आलात त्या दोन भेटी झाल्या ना?" काकांनी विचारलं.

"झाल्या. पण दोन चालतात," ताई म्हणाल्या. "आता फक्त तिसरी नको."

"चहा घेता?"

घेतला. निघाले. दहा मिनिटांनी दार वाजलं. कारकून होते, धापा टाकत.

"काका, चष्मा विसरला."

काकांनी पटाकडे पाहिलं. तो अर्धा डाव त्यांनी कपाटावर तसाच मांडून ठेवला होता. दोन वर्षांत फक्त धूळ पुसायला सोंगट्या उचलल्या होत्या, त्याही एकेक.

"तिसरी," काका म्हणाले. "लिहून टाका."

कारकुनांना लिहवेना. त्यांनी चष्मा लावला आणि पिशवीतून करार काढला. एकवीस वर्षांच्या नोकरीत मनापासून वाचलेला हा त्यांचा पहिलाच कागद. अकराव्या पानावर ते थांबले आणि त्यांनी ताईंना फोन लावला.

"ताई, कलम चौदा. 'दोन्ही यंत्रणांचे कर्मचारी व्यक्ती म्हणून मोजले जाऊ नयेत.'"

"ते उद्घाटनाच्या जेवणासाठी होतं. पाहुण्यांची ताटं तुमची माणसं संपवतील म्हणून आम्हीच घातलं होतं."

"जेवणापुरतं, असं लिहिलेलं नाही."

"म्हणजे तुम्ही आम्ही माणसं नाही?"

"कार्यालयीन वेळेत नाही."

"आमच्याकडे तर सुट्टीच्या दिवशीही नाही," ताई म्हणाल्या. "लिहा. मी सही करते."

भेटी शून्य निघाल्या. काका शहरातले सर्वांत एकाकी गृहस्थ ठरले आणि कारकुनांनी त्यांचं अभिनंदन केलं.

सोमवारी गाडी आली. एका बाजूला कार्यालय, दुसऱ्या बाजूला संस्था, असा चार मजल्यांचा प्रवास अर्ध्या तासात झाला. दोन यंत्रणांनी एकाच वेळी एकाच दिशेला पाऊल टाकलेलं पाहायला खाली छायाचित्रकारही आणला होता. खोलीत कार्यालयाच्या साहेबांचं भाषण झालं, संस्थेच्या अध्यक्षांचं झालं, एकटेपणाचा पराभव झाल्याचं पुन्हा जाहीर झालं.

न्हाव्याने तोवर आठवणीने डाव मांडला होता. एकही सोंगटी चुकली नव्हती.

"जिंकलेला डाव पुन्हा कशाला खेळायचा, पण बस," तो म्हणाला. "खेळी तुझी आहे."

काका बसले. पटावर वाकले. आणखी वाकले. खिसे चाचपले. मग मान वर करून त्यांनी कारकून आणि ताई दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"चष्मा चौथ्या मजल्यावरच राहिला," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कुणी आणून देता का?"