वारा कुठून आहे?

सरांनी कंट्रोलर मांडीवर घेतला, उजव्या हाताचा अंगठा बटणावर टेकवला आणि विचारलं,

"वारा कुठून आहे?"

"डावीकडून. चांगलाच जोर आहे."

"मग काठी मोठी द्या."

जावयाने पुढे वाकून त्यांच्या हातातल्या कंट्रोलरवरची बाणाची कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यातली काठी बदलली, निशाण जरा डावीकडे सरकलं. सरांनी बटण दाबलं. पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी भरत चालली आणि तिच्याबरोबर टिकटिक असा बारीक आवाज चढत गेला. तो टोकाला पोचायच्या आत सरांनी पुन्हा दाबलं, म्हणजे फटक्याचा जोर ठरला. पट्टी मागे फिरली, आवाज उतरत आला, आणि पांढऱ्या रेघेवर ती आली न आली तोच तिसरा दाब. चेंडू सरळ उडाला, वाऱ्याने थोडा वाकला आणि खाली आला.

"कुठे पडला?"

"हिरवळीवर. खड्ड्यापासून हाताभर."

सर समाधानाने हुंकारले आणि कंट्रोलर जावयाकडे दिला. दुसरा कंट्रोलर कधीच मोडला होता, त्यामुळे एकाने मारायचं आणि दुसऱ्याने वाट बघायची असा हा गोल्फचा खेळ होता. तसा तो बिनघाईचाच. धावणं नाही, उड्या नाहीत, कोणी अंगावर येत नाही. चौकोनी ठिपक्यांची झाडं, निळ्या ठिपक्यांचं तळं, पिवळी वाळू. वारा बघायचा, काठी निवडायची, तीन वेळा बटण दाबायचं. तिसरा दाब लवकर पडला तर चेंडू एकीकडे जातो, उशिरा पडला तर दुसरीकडे. बाकी सगळं त्या तीन दाबांवर.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत जिने चढूनच जावं लागतं, हा त्याच्या धंद्यातला जुना विनोद होता; त्यावर तो आता हसत नसे. घरी यायचा तेव्हा त्याच्या गुडघ्यांत दिवसभराचे मजले साठलेले असत. पूर्वी तो आल्या आल्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवा व्हायचा, अंगातला ग्रीसचा वास तसाच ठेवून. आता त्या दिवाणावर सर होते.

सर म्हणजे त्याचे सासरे. टायपिंगचा क्लास चालवायचे. जावई कधीकाळी त्याच क्लासात होता. टायपिंग शिकायला गेला आणि सरांची मुलगी घेऊन बाहेर पडला, असं ओळखीचे लोक अजून म्हणत. परीक्षा काही त्याने दिली नाही. लग्नानंतर सरांनी त्याला 'तू'वरून 'तुम्ही'वर नेलं, तो मात्र 'सर'वरच राहिला. दोघांमध्ये कधी वाकडं आलं नाही, कारण बोलणंच फारसं झालं नाही.

मग सर आपल्या घराच्या जिन्यावर पडले. पायरी चुकली, म्हणाले. मनगट मोडलं. एकट्या माणसाने एका हाताने कसं भागवायचं, म्हणून मुलगी त्यांना घेऊन आली. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. मुलगी नर्स होती. तिने बोटांचे व्यायाम सांगितले, सरांनी ते चार दिवसांत सोडले. तेव्हा जावयाने कपाटावरून आपल्या शाळेच्या वयातलं व्हिडिओ गेमचं कन्सोल काढलं, कॅसेटमधली धूळ फुंकली आणि जुन्या टीव्हीला जोडून दिलं. त्यात धडपणे चालणारी कॅसेट ही एकच होती.

सर खेळाला असे चिकटले की दोघांनाही नवल वाटलं. फक्त आवाज हवा असा त्यांचा हट्ट होता. मुलगी रात्रपाळी करून आत झोपलेली असली तरी म्हणायचे, थोडासा असू द्या. आणि प्रत्येक फटक्याआधी वारा विचारायचे. वाऱ्याचा बाण पडद्यावर समोर असताना विचारायचं कशाला, असं जावयाच्या मनात यायचं. पण सरांची सवय तीच होती. प्रश्न त्यांनी करायचा, उत्तर विद्यार्थ्याने द्यायचं. खेळताना ते पडद्याकडे नीट बघतही नसत, टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसत. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. क्लासात ते पोरांच्या हातांवर रुमाल टाकायचे. बोटांना कळतं, म्हणायचे, डोळ्यांनी मध्ये पडू नये.

आता हात बरा झाला होता. रविवारी सरांना त्यांच्या घरी सोडायचं ठरलं होतं. ठरवलं सरांनीच. मुलगी एकदा राहा म्हणाली, दुसऱ्यांदा म्हणाली नाही. जावई काहीच बोलला नाही. मात्र त्या आठवड्यात तो जिने चढताना अधूनमधून त्या रिकाम्या दिवाणाचा विचार करत असे आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटे.

शनिवारी त्याला सुट्टी होती. दुपारी दोघं खेळायला बसले, तेव्हा आतलं दार उघडून बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. डोकं ठणकतंय, आज तेवढा आवाज पूर्ण बंद करा, एवढंच म्हणाली आणि परत जाऊन पडली. जावयाने आवाज शून्यावर नेला.  सर कंट्रोलर घट्ट धरून बसले.

पहिला फटका तळ्यात गेला. दुसराही तळ्यात गेला. तिसरा झाडांत शिरला आणि तिथेच राहिला. जावयाने वारा सांगितला, काठी बदलून दिली, निशाण धरून दिलं, पण दाब कधी फार लवकर पडे, कधी पट्टी उलटून गेल्यावर. उद्या जायचं आहे, मन लागत नसेल, असं त्याने धरलं.

"राहू द्यायचं का आज?" त्याने विचारलं.

"नको. हा खड्डा संपवू."

सरांनी पहिला दाब दिला, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. हे नेहमीचंच होतं. टीव्हीमागची पिन सैल होती. कोणी दिवाणावर हललं तरी ती निसटायची. एरवी तिच्याबरोबर आवाजही जायचा आणि जावई उठायच्या आधी सरच म्हणायचे, वायर हलली बघा. जावई उठायला म्हणून पुढे झुकला.

सरांनी दुसरा दाब दिला. थोडं थांबून तिसरा. तोंड भिंतीकडे, कपाळावर एक आठी.

"कुठे गेला?"

काळ्या काचेत खिडकी दिसत होती आणि दिवाणावर बसलेली दोन माणसं. जावई तसाच अर्धवट उठलेला राहिला.

"मधोमध," तो म्हणाला. "चांगला गेला."

सरांनी कंट्रोलर त्याच्याकडे दिला नाही. तो हळूच बाजूला ठेवला आणि मनगटावरून हात फिरवला.

"सांगायला उशीर केलास," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी ते त्याला 'तू' म्हणाले होते. "पडद्यावर काही नाहीये ना?"

"पिन निघालीये."

"हं."

आत बायकोने कूस बदलल्याचा आवाज आला.  मग सर खालच्या आवाजात सांगू लागले, सहज, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. नजरेतलं मधलं गेलं होतं. ज्याच्याकडे बघावं ते नेमकं दिसत नाही, त्याच्या कडेचं दिसतं. भिंतीकडे बघितलं की टीव्हीची चौकट दिसते, माणसाच्या कानाकडे बघितलं की चेहऱ्याचा रंग. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, या घरी येण्याच्या बऱ्याच आधी. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही जपून वापरा, असं ते म्हणाले होते. जिन्यावर पाय घसरला नव्हता. पायरीच दिसली नव्हती.

"तिला सांगू नकोस," सर म्हणाले. "ती दिवसरात्र आजाऱ्यांचंच करते. घरी आल्यावर पुन्हा तेच नको. माझं घर मला पाठ आहे. चूल, मोरी, दार, सगळं."

"जिनाही पाठच होता, सर."

सरांनी हात पुढे केला. म्हणाले, "शब्द दे."

जावयाने शब्द दिला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून दिला. मग तो चहाचे कप घेऊन मोरीकडे गेला आणि नळ सोडून उभा राहिला. कप केव्हाच स्वच्छ झाले होते. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं आणि गप्प बसायची त्याला सवय होती. उद्या सरांची पिशवी उचलायची, त्यांना दारापर्यंत सोडायचं आणि परत येऊन आपल्या दिवाणावर पडायचं. सरांचीच तशी इच्छा होती. कोणी त्याला नावं ठेवली नसती. त्याने नळ बंद केला. बाहेर सर दिवाणाखाली हाताने चाचपडत आपल्या चपला नीट जोडून ठेवत होते, एक दुसरीला लागून, टोकं दाराकडे.

तिन्हीसांजेला बायको ड्यूटीवर जायला तयार होत होती. आतल्या खोलीत आरशापुढे उभी राहून ती केस वर बांधत होती. दोन पिना ओठांत धरल्या होत्या. जावई आत आला, दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. डोकं कसं आहे, त्याने विचारलं. तिने मान हलवली, बरं आहे.

"उद्या सरांना नको सोडायला," तो म्हणाला.

तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"का?"

"काही नाही. सवय झालीये त्यांची. घरी आलो की खेळायला कोणी तरी लागतं." वाक्य पाठ करून आणल्यासारखं झालं, म्हणून त्याने पुढे जोडलं, "दिवाण काय, मी खाली गादी घालतो."

गेले कित्येक दिवस बाथरूमच्या दारापाशी ताटकळताना, जेवताना, झोपताना त्याने सोडलेले सुस्कारे तिने ऐकले होते. तिने एक पिन केसांत खोचली. दुसरी ओठांतून काढून हातातच ठेवली. आणि वळली.

"तुला कधी कळलं?"

तो काही वेळ तिच्या हातातल्या पिनेकडे बघत राहिला.

"आज," तो म्हणाला. "आणि तुला?"

"हात मोडला तेव्हाच. प्लास्टर घालताना त्यांनी माझ्या खांद्याकडे बघून माझ्याशी बोलायला सुरुवात केली." तिचा आवाज नेहमीचाच होता, वॉर्डातली माहिती दुसऱ्या पाळीला द्यावी तसा. "मी विचारलं असतं तर ते त्याच दिवशी निघून गेले असते."

"मग मला तरी सांगायचं."

"सांगून मी काय मागणार होते?" ती म्हणाली. "तू घरात शिरतोस तेव्हा तुझा चेहरा बघते ना मी. मी रोज मनाशी म्हणायचे, उद्या बोलू."

बाहेर दिवाण करकरला. सर उठून बसले असावेत. दोघंही एकदमच आवाज उतरवून बोलू लागली.

"मी त्यांना शब्द दिलाय," तो म्हणाला. "तुला सांगणार नाही म्हणून."

"मग नाहीच सांगितलंस. मला काही माहीत नाही." तिने पिन केसांत खोचली आणि ती नीट बसली का ते बोटांनी चाचपून पाहिलं. "तूच जाऊन सांग, थांबा म्हणून. 'मला सोबत हवी आहे' म्हण. खोटं बोलता येईल ना तेवढं?"

"खोटं फारसं नाहीये त्यात."

यावर ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ड्यूटीचे पांढरे बूट हातात घेऊन ती त्याच्या शेजारी पलंगावर टेकली. बूट घातले नाहीत, नुसते मांडीवर धरून बसली. खिडकीबाहेरचा उजेड कमी होत गेला आणि आरसा करडा झाला. दिवा लावायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"उशीर होतोय तुला," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली.