नमुना ठेवून जा

आमच्या घरात विकत आणलेलं पेन कधी नव्हतं. पेनं, टाचण्या, चिकटपट्ट्या, कुलपं, हातमोजे, सगळं नमुन्याचं. आमचे हे एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागाचे प्रमुख होते. ज्याला कंपनीला काही विकायचं असेल त्याला यांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागे आणि मग आत जाऊन आपला माल टेबलावर मांडावा लागे. यांची एक पद्धत होती. माल पसंत पडला की हे कपाळाला आठ्या घालून नमुना परत करायचे, "कड जाड करा, रंग बदला, पुन्हा आणा" म्हणून खेकसायचे. तो माणूस पडल्या चेहऱ्याने जायचा आणि त्यालाच ऑर्डर मिळायची. माल नको असला तर मात्र यांच्या जिभेवर साखर. हसून म्हणायचे, "नमुना ठेवून जा." तो बिचारा खुशीत जायचा आणि नमुना संध्याकाळी आमच्या घरी यायचा.

जेवताना हे त्या लोकांच्या नकला करायचे. कोण हात चोळत होता, कोण खुर्चीच्या टोकावर बसला होता, ठेवून जा म्हटल्यावर कोणाचा चेहरा कसा फुलला. मी हसून हसून बेजार व्हायचे. खोटं कशाला बोलू, नकला फार छान करायचे.

मग कंपनीत नवा साहेब आला. यांच्याहून लहान, अंगात भलताच उत्साह. त्याने सगळ्यांच्या केबिनी पाडल्या आणि लहानमोठ्यांना एका लांबलचक टेबलाशी बसवलं. यांच्या शेजारी कोण, तर यांच्याच हाताखालचा कारकून! यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दाराबाहेर कोणी ताटकळायचं, तर आधी दार हवं ना. "बास झाली चाकरी," म्हणाले. "आता मीच माझा मालक." लोक म्हणे स्वप्नासाठी नोकरी सोडतात. आमच्या यांनी दारासाठी सोडली.

पुठ्ठ्याची खोकी करायची असं ठरलं. आयुष्यभर खोकी नाकारली, म्हणजे खोक्यांतलं कळत होतंच. गावाबाहेर पत्र्याची शेड घेतली आणि तिच्यात सगळ्यात आधी काय उभं राहिलं? केबिन. काचेची, दाराला आपोआप मिटायची स्प्रिंग. मशीनं नंतर आली. एक पुठ्ठ्याचे तक्ते कापून घड्या पाडणारं, एक खोक्याच्या बाजू तारेने शिवणारं. ती चालवायला एक मशीनवाला ठेवला, मोजकं बोलणारा, उदास चेहऱ्याचा. खळ लावायला दोन बायका. दिवसभर त्या खळीचा आंबूस वास, तारेचा खटखटाट, आणि काचेआड खुर्चीत गोल गोल फिरणारे हे. मी एका दाताच्या डॉक्टरांकडे येणाऱ्यांना नंबर देण्याचं काम करते. सुटीच्या दिवशी शेडवर जायचे.

पहिलं गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आलं. जवळचाच चपला करणारा, त्याला दर आठवड्याला खोकी हवी होती. यांनी त्याला बाहेर पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसवून ठेवलं.

"आत काय करत होतात?" मी विचारलं.

"काही नाही. लगेच आत घेतलं की माणूस डोक्यावर बसतो."

चपलावाला बसला, कंटाळला, उठून गेला. तो पुन्हा फिरकला नाही. "लहान गिऱ्हाईक," हे म्हणाले, "एकदा धरलं की आपणही लहान होतो."

यांची सगळी भिस्त जुन्या कंपनीवर. तिथे यांच्या जागी आता तोच कारकून बसत होता. हे त्याला चेला म्हणत, तोही कौतुकाने म्हणवून घेई. यांनीच त्याला घडवला होता. भाव कसा पाडायचा, कुठे हसायचं, कुठे नुसतं खाकरायचं. "मी नुसता उभा राहिलो तरी ऑर्डर देईल," असं म्हणत यांनी आपल्या हाताने एक खोकं केलं. खरंच सुरेख झालं होतं, कडा अशा की बोट फिरवत राहावं. ऑफिसचा शर्ट घालून हे गेले आणि संध्याकाळी उड्या मारत परत आले.

"झालं काम!"

"दिली ऑर्डर?"

"देतोच आहे. अगं, काय मान दिला! उठून उभा राहिला. खोकं उलटंपालटं करून पाहिलं, एक खोट काढली नाही. मी परत घ्यायला हात पुढे केला तर म्हणतो कसा, राहू दे सर, नमुना ठेवून जा."

मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, नक्कल चाललीय, आता डोळा मारतील. पण हे पाय पसरून खुशाल बसले होते, चेहरा कसा फुललेला.

"अहो, काय म्हणाला?"

"नमुना ठेवून जा."

"आणि तुम्ही?"

"ठेवला की!"

"अहो, हे तुम्ही कोणाला म्हणत होतात?"

"ते विक्रेत्यांना गं."

"आणि तुम्ही कोण?"

"मी?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मी त्याचा सर आहे."

इतकी वर्षं लोकांना वाटाण्याच्या अक्षता लावणाऱ्या माणसाला स्वतःला लागलेल्या ओळखता येईनात. मी समजावून पाहिलं. तर म्हणाले, तुझं मन कोतं आहे, तुला माणसांची पारख नाही, तू दिवसभर लोकांचे किडके दात बघतेस.

तिथवरही ठीक होतं. पण ऑर्डर येणारच म्हणून यांनी माल काढायला सुरुवात केली. पुढच्या सुटीला गेले तर शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. खोक्यांच्या थप्प्या छताला भिडलेल्या, आणि प्रत्येक खोक्यावर ठळक निळ्या अक्षरांत जुन्या कंपनीचं नाव छापलेलं. मशीनवाल्याने मला बाजूला घेतलं.

"वहिनी, नावाची खोकी दुसरं कोणी घेणार नाही. साहेबांना बोललो, तर म्हणाले, मशीनकडे लक्ष दे. मी दुसरीकडे काम बघतोय. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं."

काचेआड हे कोणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. शेड बुडाली असती तर माझ्या तेवढ्याशा पगाराखेरीज आमच्याकडे काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे रजा टाकली आणि यांना न सांगता कंपनीत गेले.

चेल्याने मला त्या लांब टेबलाच्या टोकाला बसवलं, कॉफी मागवली.

"वहिनी, सर चिडलेत का हो?"

"चिडतील कशाला? खूश आहेत. माल काढून बसलेत, तुमचं नाव छापून."

चेल्याने कप खाली ठेवला. "अहो, पण मी मुद्दाम त्यांचंच वाक्य वापरलं! म्हटलं, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं. या वाक्याने लगेच समजतील, हसतील आणि जातील. त्यांना कळलं नाही?"

"नाही."

"खरंच नाही?" आणि तो हसायला लागला. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले. "माफ करा. खोक्यात काही वाईट नाही, वहिनी. आत्ता घेतो त्याहून चांगलंच आहे. घोडं पेंड खातंय ते सरांपाशी. त्या दिवशी आले ते सरळ माझ्या खुर्चीत बसले, मी उभा. सगळ्यांदेखत मला म्हणाले, अरे, पेन असं धरतात का?" त्याने मान मागे टाकली, खाकरला, एक भुवई वर चढवली. हुबेहूब हे! "ऑर्डर दिली तर दर आठवड्याला येऊन बसतील. मला इथे काम करायचंय."

मला हसू आलं. आवरेना. नक्कल फार छान केली होती.

"आणि ते आले नाहीत तर?" मी विचारलं.

"तुम्ही येणार?"

"मी येईन. ते फाटकाच्या आतसुद्धा येणार नाहीत."

त्याने कपाटातून आमचं खोकं काढलं, माझ्या हातात आदळलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "झाकणाची घडी सैल आहे. घट्ट करा, पुन्हा आणा." ऑर्डर मिळाली होती.

घरी आल्यावर यांना तेवढंच सांगितलं. कोणी आणली, कशी आणली, याची चौकशी यांनी केली नाही. "म्हटलं नव्हतं? माझा माणूस आहे तो!" म्हणून घरभर फिरले. अटीचं मी बोलले नाही. कधीतरी शांतपणे, दोघंच असताना सांगू, असं म्हणता म्हणता माल पोचवायचा दिवस उजाडला.

सकाळी शेडसमोर टेम्पो भरला. मशीनवाला दोऱ्या आवळत होता, खळ लावणाऱ्या दोघी दारात उभ्या. मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले, तेवढ्यात हे आले. ऑफिसचा शर्ट, चकचकीत बूट, केस चापून बसवलेले.

"सरक," म्हणाले.

"तुम्ही नका येऊ."

"म्हणजे?"

खाली उतरून त्यांना बाजूला घेता आलं असतं. मी उतरले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ऑर्डर त्याच अटीवर मिळालीय. माल तुमचा चालेल, तुम्ही नाही."

मशीनवाल्याचे हात दोरीवर थांबले. हे उभ्या जागी विचार करत राहिले. हनुवटी चोळली, एक भुवई चढली.

"अट लेखी आहे की तोंडी?"

"तोंडी."

चेहरा उजळला. "मग काय तर! तोंडी अटीला कोण विचारतो? सरक तिकडे." आणि पायरीवर पाय ठेवला.

मी दार ओढून घेतलं. त्यांना पाय झटकन मागे घ्यावा लागला. "भाऊ, घ्या गाडी," मी ड्रायव्हरला म्हटलं. टेम्पो हलला तसे हे खिडकीची कड धरून शेजारून चालायला लागले, मग धावायला.

"अगं, निदान त्याला विचार तरी! म्हणावं, सर आले तर चालेल का. एवढं विचारशील ना?"

बुटांवर धूळ बसत होती. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. हा माणूस आता रोज मागे राहणार आणि मी रोज पुढे जाणार, एवढंच मनात आलं, आणि फार हलकं वाटलं.

मी हसले. अगदी गोड आवाजात म्हटलं, "हो, विचारते ना."

त्यांनी लगेच हात काढला. जागीच थांबले, समाधानाने मान हलवली आणि मागे वळून मशीनवाल्याला ओरडून सांगितलं, "विचारणार आहे ती!"